लोकदैवतांचा अभ्यास : पहिले पुस्तक कोणते?

एखाद्या विषयात नव्याने शिरणाऱ्या जिज्ञासूच्या हाती पहिले पुस्तक कोणते द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता ग्रंथपालाचा वाटतो. वस्तुतः तो समीक्षेचा आहे. पहिले पुस्तक नुसती माहिती देत नाही, ते दृष्टी देते. आणि पुढील दहा पुस्तके वाचक बहुधा त्याच दृष्टीने वाचतो. ज्या उपासनेला एक संस्थापक नाही, एक ग्रंथ नाही आणि अधिकृत भाष्यकारही नाही, तिच्या बाबतीत तर या निवडीचे महत्त्व फारच वाढते. ग्रामदेवता व लोकदैवते यांची उपासना ही अशी उपासना होय.

इंग्रजीत अशा उपासनांना 'पेगन' हे नाव आहे. त्याचे मूळ लॅटिन. मूळ अर्थ खेड्यापाड्यातला, गावंढळ. रोमन साम्राज्यात जुन्या देवांना धरून राहिलेल्या लोकांना ख्रिस्ती लेखक चौथ्या शतकापासून हे नाव देऊ लागले. म्हणजे ते उपासकांनी स्वतः घेतलेले नाव नव्हे. ते त्यांच्यावर लादलेले नाव होय. आपल्या भाषेनेही यात फारसे औदार्य दाखविलेले नाही. 'क्षुद्र देवता' हा शब्द जुन्या मराठी लेखनात सर्रास आढळतो, आणि त्यातला 'क्षुद्र' कोणाच्या मापाने ठरला, असे सहसा कोणी विचारीत नाही. तेव्हा निवडीची पहिली कसोटी नावातूनच मिळते : पुस्तकात कोण बोलतो आहे? ज्याची उपासना आहे तो, की तिच्याकडे दुरून पाहणारा?

ही कसोटी किती उपयोगी आहे, हे म्हैसूरच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. शहराला लागून असलेल्या टेकडीवरील चामुंडी तीन प्रकारच्या शब्दांतून आपल्यापुढे येते. संस्कृत देवीमाहात्म्यात महिषासुराला मारणारी देवी आणि चंड-मुंडांच्या वधामुळे 'चामुंडा' हे नाव मिळालेली काली या दोघी निराळ्या आहेत. म्हैसूरच्या टेकडीवर त्या एकरूप झालेल्या दिसतात. दुसरी चामुंडी राजघराण्याची. राजा वोडेयर याने १६१० मध्ये श्रीरंगपट्टण येथे दसऱ्याचा उत्सव सुरू केला. आज विजयादशमीला हत्तीवरच्या सोन्याच्या अंबारीत राजा नसतो, चामुंडेश्वरीची मूर्ती असते. तिसरी चामुंडी लोकगीतांची. तेथे ती नंजनगूडच्या नंजुंडेश्वराची प्रेयसी आहे, आणि घरी धर्मपत्नी असलेल्या या देवाच्या चोरट्या प्रेमाची गाणी गायक मोकळेपणाने गातात. ज्याने आधी केवळ देवीमाहात्म्य वाचले, त्याला ही गाणी भ्रष्ट, निदान गमतीची वाटतील. ज्याने आधी गाणी ऐकली, त्याला तिन्ही रूपे एकमेकांना कशी उत्तरे देतात हे दिसू लागेल. येथे वाचनाचा क्रम हाच अर्थाचा एक भाग ठरतो.

या विषयावरील शिफारशींत हेन्री व्हाइटहेड यांच्या दक्षिण भारतातील ग्रामदेवतांवरील इंग्रजी पुस्तकाचे नाव हटकून असते. ते १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात नोंदी विपुल आहेत : बळीची रीत, पुजाऱ्यांच्या जाती, रोगराईच्या वेळचे विधी, म्हैसूर संस्थानातील देवींनाही त्यात स्थान आहे. त्याची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. तथापि लेखक मद्रासचे बिशप होते, आणि ज्या श्रद्धेच्या जागी दुसरी श्रद्धा यावी असे त्यांना वाटत होते, तिचे वर्णन ते करीत होते. विधीचा तपशील भरपूर आणि भक्ताचे मन मात्र क्वचितच, असा हा ग्रंथ आहे. तो वाचावा, पण पहिला वाचू नये.

पहिले स्थान गायकाला द्यावे. चामराजनगर जिल्ह्यातील मले महादेश्वराचे महाकाव्य कंसाळे गायक पिढ्यान्‌पिढ्या गात आले आहेत. कंसाळे म्हणजे काशाची झांज. हातातील वाद्याचेच नाव गायकांना पडले. हेब्बणी मादय्या आणि त्यांच्या साथीदारांनी गाइलेला पाठ संकलित होऊन त्याचा सी. एन. रामचंद्रन आणि एल. एन. भट यांनी केलेला इंग्रजी अनुवाद साहित्य अकादमीने २००१ मध्ये प्रकाशित केला. वाघावर बसणारा, डोंगरातून हिंडणारा, भक्ताची कठोर परीक्षा पाहणारा हा देव त्यात कोणाच्याही मध्यस्थीवाचून भेटतो. कन्नड शिकण्यासाठी महाराष्ट्रातून म्हैसूरच्या दक्षिण प्रादेशिक भाषा केंद्रात येणाऱ्या शिक्षकांना तर मूळ कन्नड पाठाचीही वाट मोकळी आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. गाणे नवख्याला कळत नाही. शिवाय छापलेला पाठ म्हणजे गाणे नव्हे. रात्रभर चालणाऱ्या गायनातील एका मेळ्याचा, एका वेळचा पाठ कागदावर स्थिर होतो, आणि वाचक त्यालाच मूळ संहिता समजून बसतो. म्हणून गाण्याच्या जोडीला गाव हवे. म्हैसूर येथे १९१६ मध्ये जन्मलेले समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरनजीकच्या एका गावी १९४८ मध्ये मुक्काम करून अभ्यास केला. गावाला त्यांनी 'रामपुरा' हे नाव दिले. १९७० मध्ये अमेरिकेत लागलेल्या आगीत त्यांची टिपणे जळाली आणि आठवणींच्या आधारे लिहिलेला ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. पावसासाठी देवाचा कौल मागणारे गावकरी देवालाच रागे भरतात, हे त्यात वाचले म्हणजे श्रद्धा आणि भांडण यांचे नाते उमगते. असे वर्णन शेजाऱ्याच्या नजरेतूनच शक्य होते.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. जेजुरीचा खंडोबा कर्नाटकात मैलार म्हणून पूजिला जातो. म्हाळसा घरी असताना त्याने धनगरांची बाणाई आणली, ही कथा नंजुंडेश्वराच्या कथेची सख्खी बहीण शोभते. म्हणून आपल्याकडील नवख्याने बाणाईच्या गाण्यांपासून आरंभ करावा, आणि मग दुर्गा भागवतांची 'लोकसाहित्याची रूपरेखा' (१९५६) हाती घ्यावी. त्यानंतर गुंथर सोंथायमर यांचा बिरोबा, म्हसकोबा व खंडोबा यांवरील ग्रंथ वाचावा. तो १९७६ मध्ये जर्मन भाषेत आणि १९८९ मध्ये इंग्रजी अनुवादाने आला. रा. चिं. ढेरे यांचा 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) अखेरीस ठेवावा. गवळी-धनगरांच्या देवाचे वैष्णव दैवतात कसे उन्नयन झाले, याचा ढेरे यांनी केलेला शोध भव्य आहे. पण समन्वयाची सिद्धी आधी वाचली, तर ज्यांचा समन्वय झाला त्यांचा स्वतंत्र आवाज ऐकण्याची सवय लागत नाही.

पश्चिमेतही हाच धडा मिळतो. तेथे विसाव्या शतकात काहींनी 'पेगन' हे नाव अभिमानाने स्वीकारले. पण हाती होते ते बहुतांशी पंडितांचे ग्रंथ. मार्गारेट मरे यांनी १९२१ मध्ये मांडलेला अखंड चेटूकधर्माचा सिद्धांत इतिहासकारांनी पुढे फेटाळला; रोनल्ड हटन यांनी १९९९ मध्ये त्या नव्या धर्माची अर्वाचीनता तपशीलवार दाखविली. गाणाऱ्यांची परंपरा तुटल्यावर पुस्तकातून देव पुन्हा उभा करावा लागतो, आणि तो पुस्तकासारखाच होतो.

आपल्याकडे गाणारे अद्याप आहेत. त्यांचा शब्द आधी, गावाचे वर्णन नंतर, इतिहास त्यापुढे आणि सिद्धांत अखेरीस, हा क्रम सोयीचा नसेल. परंतु ज्या देवांबद्दल वाचावयाचे त्यांच्या माणसांना निदान पहिला शब्द त्यामुळे मिळतो. एवढा न्याय कोणत्याही यादीकडून अपेक्षिणे अवाजवी नाही.