खुर्चीतली सत्ता

राजाचा अधिकार चित्रात दाखवायला घोडा, तलवार, चिलखत हाताशी असतं. पोपचा अधिकार कशाने दाखवायचा? राफाएलने १५११-१२च्या सुमारास पोप दुसरा ज्युलियस याचं व्यक्तिचित्र रंगवताना यावर तोड काढली, आणि पुढच्या चित्रकारांनी तीच गिरवली. पोप खुर्चीत बसलेला, किंचित तिरका. खांद्यावर लाल मखमली आच्छादन, खाली पांढरा झगा, बोटांत अंगठ्या. खुर्चीच्या खांबांवर ओकची सोनेरी फळं, कारण ओक हे त्याच्या घराण्याचं चिन्ह. मागच्या हिरव्या पडद्यावर आधी पोपपदाच्या किल्ल्यांची नक्षी होती. राफाएलने ती स्वतःच रंगाखाली बुजवली. पदाची खूण गेली, माणूस पुढे आला. स्वतः सैन्यासोबत मोहिमेवर जाणारा हा पोप इथे मान खाली घालून विचारात बुडालाय. बोलोन्या शहर हातचं गेल्यावर वाढवलेली दाढीही तशीच आहे.

बसणं हा इथे मान असतो. पोप बसतो, बाकीचे उभे राहतात किंवा वाकतात. टिशनने १५४६च्या सुमारास तिसऱ्या पॉलला दोन नातवांसह रंगवलं, त्यात हेच दिसतं. वाकलेला म्हातारा पोप खुर्चीत, एक नातू कमरेत लवलेला, दुसरा कार्डिनलच्या वेषात मागे उभा. लवण्यात आदर किती आणि हिशेब किती, हे पोपची तिरकी नजर जोखतेय. चित्र अपुरंच राहिलं.

फ्रान्सचा मुख्यमंत्री कार्डिनल रिशल्यू याने मात्र खुर्ची नाकारली. फिलिप द शांपेन्यने त्याला पूर्णाकृती, उभा रंगवला. तशी ऐट राजांच्या चित्रांत असे. पायघोळ लाल झग्यामुळे तो खांबासारखा भक्कम दिसतो.

या परंपरेचं शिखर १६५०चं. व्हेलास्केझने रोममध्ये दहावा इनोसंट रंगवला: लाल पडदा, लाल खुर्ची, लाल वस्त्र, लालसर चेहरा आणि समोरच्याला आरपार पाहणारे डोळे. हातातल्या कागदावर पोपच्या नावासोबत चित्रकाराने स्वतःचंही नाव घातलंय. फ्रान्सिस बेकनने विसाव्या शतकात याच चित्रावरून किंचाळणारे पोप रंगवले.

झगा, अंगठी, खुर्ची पदासोबत मिळतात आणि पुढच्या माणसाकडे जातात. म्हणूनच नुसता थाट रंगवलेली चित्रं एकसारखी दिसतात. व्हेलास्केझचा इनोसंट वेगळा उठून दिसतो, तो त्याच्या संशयी नजरेमुळे. रोमला गेलात तर दोरिया पांफिली संग्रहालयात त्याच्यासमोर जरूर उभे राहा.