डॉक्टरसाहेब, किती दिवस?

स्वादुपिंड हा शब्द ज्याने कोणी घडविला त्याचा कान गोड असला पाहिजे. पण या अवयवाची ओळख आपल्याला होते ती बहुधा कडू बातमीनेच. जठराच्या मागे दडलेला हा वीतभर अवयव निमूटपणे पाचक रस आणि इन्शुलिन तयार करीत असतो. कर्करोग झाला तरी तो लवकर बोभाटा करीत नाही. पाठ दुखते, अन्न जात नाही, डोळे पिवळे होतात. आमच्या शिरूर अनंतपाळकडे डोळे पिवळे दिसले की आधी काविळीचे गावठी औषध. मग लातूर, मग बार्शी, नाही तर मुंबईचे परळ. तोवर बहुतेकांची शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असते. अर्थात सारा दोष खेड्याच्या माथी मारू नये. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्यावर मुंबईत, दिल्लीत, अमेरिकेतही उपचार झाले. तरी 17 मार्च 2019 रोजी, आजार कळल्यावर सुमारे वर्षभरातच, ते गेले.

नातेवाईकांचा प्रश्न एकच असतो: "डॉक्टरसाहेब, किती दिवस?"

परळचे टाटा रुग्णालय 1941 साली सुरू झाले, आणि तेथील प्रयोगशाळेची घडी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी बसविली. त्या काळी पेशींचा आकार पाहून रोग ओळखावा लागे. आता त्यांच्यातील प्रथिनांचीही झडती घेता येते. गाठीचा केसाहून पातळ काप काचपट्टीवर घेऊन त्यावर एका ठराविक प्रथिनालाच चिकटणारे प्रतिद्रव्य सोडतात. पुढच्या रसायनांनी, प्रथिन असेल तेथे तपकिरी रंग चढतो.

'स्मॅड-4' हे असेच एक प्रथिन. ते पेशींच्या वाढीला लगाम घालते. त्याचा जनुक 1996 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये सापडला. या कर्करोगाच्या सुमारे निम्म्या गाठींत हे प्रथिन नाहीसे झालेले असते, आणि तेथीलच शवविच्छेदनांच्या 2009 च्या अभ्यासात, अशा गाठी शरीरभर अधिक पसरलेल्या आढळल्या.

दुसरे प्रथिन म्हणजे चक्क दरवाजा! 'एचईएनटी-1' त्याचे नाव. जेमसायटाबिन हे औषध पेशीत शिरते ते मुख्यतः याच दाराने. शस्त्रक्रियेनंतर हे औषध घेतलेल्या रुग्णांचा युरोपातील अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. दारे पुष्कळ असलेल्यांचा मध्यक आयुष्यकाल 26.2 महिने भरला, कमी असलेल्यांचा 17.1. नऊ महिन्यांचे अंतर! शेतकऱ्याच्या घरात तेवढ्यात एक पेरणी होते, एक रास घरी येते, एखाद्या लेकीचे लग्नही उरकते.

मात्र मध्यक म्हणजे निम्मे त्याच्या आधी गेले आणि निम्मे त्याच्या पुढे जगले. आपला माणूस कोणत्या निम्म्यात, हे काचपट्टी सांगत नाही. शिवाय 2013 साली, रोग आधीच पसरलेल्या रुग्णांत तेच प्रथिन तपासले, तेव्हा या दाराचा उपयोग दिसलाच नाही. दोन्हीकडची प्रतिद्रव्ये निराळी होती, रुग्णही निराळे होते. तज्ज्ञांचा त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.