मेरुरज्जू आणि मेरुचेता

मेरुरज्जू हा मध्यवर्ती चेतासंस्थेचा मेंदूखालील भाग होय. कवटीच्या तळाशी मस्तिष्कपुच्छाच्या खालच्या टोकापासून तो सुरू होतो आणि पाठीच्या कण्यातील पोकळीतून खाली उतरतो. त्याच्यापासून दोन्ही बाजूंना निघणाऱ्या चेतांना मेरुचेता म्हणतात. बोलीभाषेत चेतांना मज्जातंतू असेही म्हटले जाते. मेंदू आणि धड व हातपाय यांच्यातील बहुतेक संदेशांची ने-आण या मार्गाने होते.

रचना

प्रौढ व्यक्तीचा मेरुरज्जू सुमारे ४२ ते ४५ सेंमी लांब असतो. त्याभोवती तीन आवरणे असून आतील दोन आवरणांच्या मधील जागेत प्रमस्तिष्क मेरुद्रव असतो. आडव्या छेदात मध्यभागी फुलपाखराच्या आकाराचे करडे द्रव्य दिसते. त्यात चेतापेशींच्या पेशिका असतात. सभोवतालच्या पांढऱ्या द्रव्यात संदेश वर-खाली नेणाऱ्या तंतूंचे जुडगे असतात.

वाढीच्या काळात कणा मेरुरज्जूपेक्षा अधिक वाढतो. त्यामुळे प्रौढपणी मेरुरज्जू कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्याजवळच संपतो. त्याखाली केवळ चेतामुळांचा झुबका असतो. घोड्याच्या शेपटीसारख्या दिसणाऱ्या या झुबक्याला अश्वपुच्छ म्हणतात. तपासणीसाठी मेरुद्रव काढताना सुई कमरेच्या खालच्या मणक्यांमध्ये टोचतात, कारण तेथे मेरुरज्जूला इजा होण्याचा धोका नसतो.

मेरुचेता

मेरुचेतांच्या ३१ जोड्या असतात: मानेच्या ८, छातीच्या १२, कमरेच्या ५, त्रिकास्थीच्या ५ आणि माकडहाडाची १. मानेत मणके ७ असूनही चेतांच्या जोड्या ८ असतात. पहिल्या सात जोड्या आपापल्या मणक्याच्या वरून, तर आठवी सातव्या मणक्याच्या खालून बाहेर पडते.

प्रत्येक मेरुचेता दोन मुळांच्या संयोगाने बनते. मागचे मूळ संवेदना आत आणते, तर पुढचे मूळ स्नायूंकडे आज्ञा नेते. चार्ल्स बेल (१८११) आणि फ्रांस्वा माजांदी (१८२२) यांच्या प्रयोगांतून हा भेद स्पष्ट झाला. मागच्या मुळावर चेतापेशींची एक गाठ असते. कांजिण्यांचा विषाणू तेथे वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतो. तो पुन्हा जागृत झाल्यास नागीण होते. प्रत्येक चेता त्वचेच्या ठरावीक पट्ट्याची संवेदना वाहत असल्याने नागिणीचे फोड बहुधा शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे उठतात.

प्रतिक्षिप्त क्रिया

तव्याचा चटका बसताच हात मागे घेतला जातो. संवेदना मागच्या मुळातून मेरुरज्जूत येते आणि मेंदूच्या आज्ञेची वाट न पाहता पुढच्या मुळातून स्नायूंकडे संदेश जातो. वेदनेची जाणीव त्यानंतर होते.

मेरुरज्जूची इजा

इजा किती गंभीर ठरेल, हे ती किती खोल आहे आणि कोणत्या पातळीवर आहे यावर अवलंबून असते. छातीच्या भागात मेरुरज्जू पूर्ण तुटल्यास पाय लुळे पडतात, पण हातांची शक्ती टिकते. मानेच्या भागात तुटल्यास हातपाय दोन्ही बाधित होतात. श्वासपटल हलविणारी चेता मानेच्या ३ ते ५ क्रमांकांच्या चेतांपासून बनते. त्यामुळे त्याहून वर इजा झाल्यास स्वतःहून श्वास घेणेही अशक्य होते. मलमूत्रविसर्जनावरील ताबा मेरुरज्जूच्या खालच्या टोकाकडील भागाशी निगडित असल्याने कोणत्याही पातळीवरील पूर्ण इजेत तो जाऊ शकतो.

मेरुरज्जूतील तुटलेले तंतू प्रौढपणी सहसा पुन्हा जुळत नाहीत. मात्र कण्याचे हाड मोडले तरी आतील मेरुरज्जू शाबूत असू शकतो. जखमीला बसविल्याने किंवा हातपाय धरून उचलल्याने सरकलेला मणका त्याला चिरडू शकतो. म्हणून अपघातात मानेला वा पाठीला मार लागल्याची शंका असल्यास, आग किंवा तत्सम तातडीचा धोका नसेल तर, जखमीला जागेवरून हलवीत नाहीत. हलविणे भागच पडल्यास डोके, मान आणि पाठ एका सरळ रेषेत ठेवून सपाट फळीवर नेतात.