मेंदूची वेस आणि औषधाचा कण

ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा कर्करोग फार निष्ठुर. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणींत किरणोपचारास औषधाची जोड दिली, तेव्हां निम्मे रोगी सुमारें साडेचौदा महिने जगले. जोड नव्हती तेथें बारा. रक्तांतून सर्वत्र फिरणारें औषध मेंदूंतच कां अडतें?

१८८५ सालीं पाउल एर्लिख यांनीं प्राण्यांच्या रक्तांत रंग टोचला. बहुतेक अवयव रंगले, मेंदू तेवढा कोरा राहिला. मेंदूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींस इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात कीं, बहुतेक द्रव्यांना मधून वाटच मिळत नाहीं. ही वेस विषापासून आपलें रक्षण करते. आजारांत मात्र तीच वैद्यांना आडवी येते.

उदाहरणार्थ, पॅक्लिटॅक्सेल घ्या. पॅसिफिक यू या अमेरिकन वृक्षाच्या सालींतून तें निघालें. त्याची रचना मन्रो वॉल व मनसुख वाणी यांनीं १९७१ सालीं इतरांसह प्रसिद्ध केली. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे व मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी. आपल्या घरांतून हें नांव फारसें उच्चारलें जात नाहीं, याचा खेद वाटतो. पेशी दुभंगतांना आंतील सूक्ष्म तंतू जुळावे व सुटावे लागतात. हें औषध ते सुटूंच देत नाहीं. वनस्पतिजन्य म्हणून तें सौम्य आहे, असें मात्र कोणी समजूं नये. त्यानें केस गळतात, हातपाय बधिर होतात.

तें पाण्यांत विरघळत नाहीं. एरंडेलापासून केलेल्या द्रावकांतून तें देतां येतें, पण त्या द्रावकाचीच कित्येकांना बाधा होते. म्हणून रक्तांतील अल्ब्युमिन या प्रथिनाशीं त्याचे कण बांधण्याची युक्ति निघाली. २००५ सालीं अमेरिकेंत तिला स्तनाच्या कर्करोगासाठीं मान्यता मिळाली. कण सुमारें १३० नॅनोमीटरांचा. एका मिलिमीटरांत असे साडेसात हजार ओळीनें बसतील.

तथापि एवढा लहान कणहि मेंदूची शाबूत वेस सहसा ओलांडीत नाहीं. गांठीच्या मध्यभागीं ती फाटलेली असते. पण कडेला, जेथें रोग निरोगी भागांत शिरतो, तेथें पुष्कळशी धड असते. शिवाय तिच्या पेशींतील प्रथिनरूपी पंप आंत आलेलें औषध पुन्हां रक्तांत फेंकतात.

शिकागो येथील वैद्यांनीं निराळा मार्ग धरला. रोग उलटलेल्या १७ जणांच्या कवटींत यंत्र बसवून त्यांनीं ध्वनिलहरी सोडल्या. रक्तांत टोचलेले सूक्ष्म बुडबुडे त्या लहरींनीं कंप पावतात व वेस थोडा वेळ सैल होते. तासाभरांत ती बव्हंशीं मिटते. तेवढ्यांत हेच अल्ब्युमिनचे कण दिले. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांताप्रमाणें मेंदूंत औषधाचें प्रमाण पावणेचार पटींच्या जवळपास गेलें. ही चाचणी मुख्यतः उपचार सोसवतो कीं नाहीं हें पाहण्याची होती. आयुष्य किती वाढतें, हें तिच्यावरून ठरत नाहीं.