जुन्या पेटीची घरगुती दुरुस्ती

हार्मोनियमचा, म्हणजे पेटीचा, आवाज पितळेच्या पातळ जिभेतून निघतो. ही जीभ एका टोकाला पितळी चौकटीवर रिव्हेटने ठोकलेली असते. भात्याची दाबलेली हवा चौकटीच्या फटीतून गेली की जीभ थरथरते. पॅरिसमध्ये अलेक्झांडर डेबेन यांनी १८४२ मध्ये या वाद्याचे पेटंट घेतले. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ते मांडी घालून, एका हाताने भाता मारत वाजवता येईल असे केले.

वर्धा जिल्ह्यातल्या भजनी मंडळांची पेटी बहुधा हवामानाने बिघडते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा लाकूड आकसते, भात्याचे कातडे कडक होऊन घड्यांवर चिरते. पावसाळ्यात तेच लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. सूर मात्र इतक्या सहजी बिघडत नाहीत. म्हणून दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे: आधी हवा, मग पट्ट्या, शेवटी सूर.

हवेची गळती तपासायची तर हवा सोडणारे सगळे स्टॉप बंद करून भाता भरावा आणि पट्टी न दाबता थांबावे. आतला भाता लगेच बसला तर हवा कुठेतरी निसटते आहे. भात्याच्या घड्यांवरून ओलसर हात फिरवला की ती जागा गार लागते. बारीक चीर मऊ पातळ कातडे फेविकॉलने चिकटवून बुजते. कातडे जागोजागी कुजले असेल तर मात्र पूर्ण भाता नव्याने मढवावा लागतो.

भाता मारताच एखादा सूर आपोआप वाजत असेल, तर त्या पट्टीखालची झडप नीट बसत नाही. झडपेच्या कातड्याखाली कचरा अडकलेला असतो, स्प्रिंग ढिली झालेली असते किंवा फुगलेली पट्टी शेजारच्या पट्टीला घासत असते. पट्ट्या काढण्यापूर्वी त्यांवर पेन्सिलने क्रमांक टाकावेत. प्रत्येक पट्टी आपल्याच जागी बसते.

सूर मुका झाला असेल तर बहुतेक वेळा जीभ आणि चौकट यांच्यात धूळ अडकलेली असते. पातळ कागदाची पट्टी जिभेखालून अलगद ओढली की तो बोलू लागतो. तरीही खरखर राहिली तर जीभ तडकली आहे का ते भिंगातून पाहावे. तडकलेली जीभ बदलावीच लागते.

सूर मिळवणे हे सर्वांत नाजूक काम. जिभेचे मोकळे टोक किंचित घासले की ते हलके होऊन सूर चढतो. रिव्हेटजवळ घासले की उतरतो. घासलेले पितळ परत येत नाही, त्यामुळे एक-दोन हलके फटके देऊन जीभ पेटीत बसवून सूर ऐकावा. जिभांच्या दोन ओळींतला एकच सूर एकत्र वाजवला असता लाटा ऐकू येतात. एक सूर ४४० आणि दुसरा ४४२ कंपनांचा असेल, तर सेकंदाला दोन लाटा. त्या थांबल्या की सूर मिळाले.

वाद्यात बदल करण्याची परंपराही जुनी आहे. पेटीच्या सप्तकाचे १२ समान भाग असल्याने तिचा शुद्ध गंधार गायकाच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका वर असतो. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दूर ठेवले, त्यामागे असले आक्षेपही होते. नागपूरचे पं. मनोहर चिमोटे यांनी पेटीत फेरफार करून ‘संवादिनी’ घडवली, तर डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी तयार केली.

घरी करता येण्याजोगा सोपा बदल म्हणजे पेटी एकाच षड्जासाठी मिळवणे. पांढरी एकला सा धरून गंधार १४ सेंट उतरवला की तो तंबोऱ्याशी जुळतो. पण तीच पेटी काळी चारमध्ये बेसूर लागते. एकट्याने रियाज करणाऱ्याला हा बदल चालतो. भजनात गाणाऱ्यागणिक षड्ज बदलतो, त्यामुळे मंडळाची पेटी समान सप्तकातच ठेवावी.