छोट्या होडीसाठी विजेची मोटर : हिशेब परतीच्या वाटेचा

गेटवे ऑफ इंडियासमोर उभे राहिले, की एलिफंटा आणि मांडव्याकडे जाणाऱ्या लाँचेसच्या आसपास बोयांना बांधलेल्या शिडाच्या काही नौका डुलताना दिसतात. या नौका धक्क्याला लागत नाहीत. त्यांच्यापर्यंत पोहोचायचे तर आठ-नऊ फुटांची एखादी छोटी होडी लागते. माणसे, पाण्याचे कॅन, शिडे आणि जेवणाचे डबे यांची ने-आण करणाऱ्या या होडीला नौकानयनाच्या परिभाषेत 'टेंडर' म्हणतात. पूर्वी ती वल्ह्यांनी चालत असे. पुढे तिच्या मागच्या फळीवर पेट्रोलचे छोटे इंजिन आले. आता त्याच फळीवर विजेची मोटर बसवावी काय, हा प्रश्न हौशी नौकामालकांना पडू लागला आहे.

प्रश्न वाटतो तेवढा नवा नाही. गुस्ताव त्रुवे या फ्रेंच संशोधकाने १८८१ मध्येच पॅरिसच्या सीन नदीत विजेवर चालणारी होडी चालवून दाखविली होती आणि तिची मोटर काढता-घालता येण्याजोगी होती. ओल एव्हिनरूड यांचे पेट्रोलचे प्रसिद्ध इंजिन अमेरिकेत १९०९ मध्ये आले. म्हणजे विजेची मोटर पेट्रोलच्या त्या इंजिनाहून वयाने मोठी. जर्मनीतील क्योनिगझे सरोवरावर तर १९०९ पासून प्रवासी नौका विजेवरच चालतात. अडसर होता तो बॅटरीचा. शिशाच्या जड बॅटरीची जागा लिथियमने घेतली आणि चित्र पालटले. २००५ मध्ये जर्मनीत स्टार्नबर्ग येथे 'टॉर्कीडो' ही कंपनी सुरू झाली, २०१२ मध्ये हाँगकाँगमध्ये 'ई-प्रोपल्शन' उभी राहिली. २०२४ मध्ये जपानच्या यामाहाने टॉर्कीडो विकत घेतली, यावरून या बाजाराकडे इंजिनवाल्यांचेही लक्ष असल्याचे दिसते.

अश्वशक्तीची गफलत

दुकानात पहिला गोंधळ होतो तो आकड्यांचा. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. त्या हिशेबाने १००० वॅटची मोटर सव्वा अश्वशक्तीपेक्षा थोडी अधिक भरते; पण जाहिरातीत तिची तुलना तीन अश्वशक्तीच्या पेट्रोल इंजिनाशी केलेली असते. यात सगळीच अतिशयोक्ती नाही. पेट्रोल इंजिनाची शक्ती दांड्यापाशी मोजतात आणि त्याचा छोटा पंखा वेगाने फिरताना त्यातली बरीच शक्ती पाणी घुसळण्यात वाया घालवतो. विजेची मोटर कमी फेऱ्यांतही भरपूर जोर देते, त्यामुळे तिला मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा लावता येतो. असा पंखा पाण्याला अधिक चांगली पकड देतो.

तळ्यात मासेमारीसाठी वापरल्या जाणाऱ्या १२ व्होल्टच्या स्वस्त मोटरींवर मात्र अश्वशक्ती लिहिलेली नसते. तेथे '५५ पौंड' अशा भाषेत रेटा सांगितलेला असतो. हा रेटा होडी जागच्या जागी बांधून ठेवून मोजतात. होडी चालू लागली की तो घटतो, म्हणून या आकड्यावरून वेगाचा अंदाज बांधणे फसवे ठरते. तुलना करायचीच झाली, तर मोटर बॅटरीतून किती वॅट घेते आणि आपल्यासारख्या होडीला त्यात किती वेग देते, हे दोनच प्रश्न विक्रेत्याला विचारावेत.

वेगालाही निसर्गाने घातलेली मर्यादा आहे. पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या लांबीवर ठरतो. पाण्याला टेकणारी लांबी नऊ फूट असेल, तर हा वेग सुमारे चार नॉट, म्हणजे ताशी साधारण साडेसात किलोमीटर येतो. त्यापुढे जायचे तर होडीला पाण्यावर उचलून धरण्याइतके मोठे इंजिन लागते. नौकेपर्यंत जाण्या-येण्यासाठी त्याची गरज नसते. एक किलोवॅटची मोटर आणि चार नॉटचा वेग, हीच टेंडरची खरी वेस होय.

बॅटरी म्हणजेच टाकी

मोटर किती वेळ चालेल, हे बॅटरीतील वॅट-तासांवर अवलंबून असते. घरच्या वीजबिलातले एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. ई-प्रोपल्शनच्या 'स्पिरिट १.० प्लस' या मोटरीच्या बॅटरीत १२७६ वॅट-तास मावतात. म्हणजे पूर्ण १००० वॅटने ती सुमारे सव्वा तास चालेल आणि निम्म्या शक्तीने अडीच तास.

शक्ती निम्मी केली म्हणून वेग निम्मा होत नाही, हे येथे महत्त्वाचे. होडीला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. चार नॉटला १००० वॅट लागत असतील, तर तीन नॉटला सुमारे ४२० आणि दोन नॉटला अवघे १२५ वॅट पुरतात. थोडा धीर धरला तर तीच बॅटरी दुप्पट-तिप्पट अंतर नेते. माहितीपत्रकांत छापलेली लांबच लांब अंतरे अशाच मंद वेगाची असतात आणि ती संथ पाण्यात, वारा नसताना मिळतात.

दुसरा मार्ग मासेमारीची साधी मोटर आणि शिशाची वेगळी बॅटरी घेण्याचा. १२ व्होल्ट आणि १०० अँपिअर-अवर अशा बॅटरीत कागदोपत्री १२०० वॅट-तास असतात. पण तिचे आयुष्य राखायचे तर निम्मेच वापरावेत. ५५ पौंडांची मोटर पूर्ण जोरात सुमारे ६०० वॅट घेते. त्यातही इतका मोठा प्रवाह ओढला तर शिशाची बॅटरी आणखी कमी देते. तासभरही भरवसा धरता येणार नाही, अशी ही जोडी असते आणि बॅटरीचे वजन असते तीस किलोंच्या आसपास. तलावावर संथ फेरफटका मारण्यास ती चालेल. भरती-ओहोटीच्या पाण्यात तिच्यावर विसंबणे धाडसाचे ठरेल.

दोन नॉटची ओहोटी

मुंबई बंदरात अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. भांगाच्या दिवसांच्या तुलनेत अशा वेळी कितीतरी अधिक पाणी त्याच सहा तासांत आत-बाहेर होते आणि त्याचा प्रवाह जाणवण्याइतका जोरदार असतो. नौका धक्क्यापासून ८०० मीटरवर आहे आणि दोन नॉटची ओहोटी नेमकी समोरून येत आहे, असे उदाहरणादाखल धरू.

चार नॉटने निघालेली होडी प्रत्यक्षात दोन नॉटने पुढे सरकेल. तिला १३ मिनिटे लागतील आणि सुमारे २१६ वॅट-तास खर्च होतील. तीन नॉटने गेल्यास २६ मिनिटे लागतील, पण खर्च १८२ वॅट-तासांवर येईल. आणखी बचत करावी म्हणून अडीच नॉट ठेवले, तर ५२ मिनिटे जातील आणि खर्च उलट वाढून २११ वॅट-तास होईल. दोन नॉटने जाणारी होडी तर तेथल्या तेथेच राहील. समोर धक्का दिसत असेल, मोटर चालू असेल आणि बॅटरी रिकामी होत जाईल.

यातून एक सोपा नियम निघतो. उलट्या प्रवाहात कमीत कमी वीज खर्चायची असेल, तर होडीचा वेग प्रवाहाच्या दीडपट ठेवावा. त्याहून सावकाश जाणे ही बचत नव्हे. निवडीच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की ज्या पाण्यात होडी चालवायची तेथल्या उधाणाच्या प्रवाहाच्या किमान दीडपट वेग, दोन माणसे आणि सामान घेऊन, समोरून वारा असताना ज्या मोटरीला देता येत नाही, ती मोटर कितीही स्वस्त असली तरी त्या पाण्यासाठी नाही.

बॅटरीचेही तसेच. एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि उरलेली एक तृतीयांश अडीअडचणीसाठी, ही वाटणी शहाणपणाची होय. सकाळी ओहोटीबरोबर अलगद नौकेवर पोहोचलेल्या माणसाला परतीच्या वेळी काय वाढून ठेवले आहे, हे भरती-ओहोटीचे कोष्टक सांगते. बॅटरीवरचा आकडा सांगत नाही.

वजन आणि दांडा

टेंडरची मोटर कायम फळीवर राहत नाही. ती होडीतून नौकेवर चढवावी लागते आणि डुलत्या होडीत उभे राहून हे करावे लागते. अडीच अश्वशक्तीच्या आसपासचे पेट्रोल इंजिन साधारण १३-१४ किलोंचे असते. एक किलोवॅटची विजेची मोटर बॅटरीसह १५ ते २० किलो भरते; परंतु बॅटरी वेगळी निघत असल्याने दोन हलके भाग करून उचलता येतात. साठीतल्या नौकामालकाला हा फरक नक्की जाणवतो. काही बॅटऱ्या हातून निसटल्या तरी पाण्यावर तरंगतात. ही सोय आहे की नाही, ते विचारून घ्यावे.

दांड्याची लांबीही खरेदीपूर्वीच मोजावी. फळीची उंची १५ इंच असेल तर आखूड दांडा, २० इंच असेल तर लांब दांडा, असा सर्वसाधारण संकेत आहे. दांडा आखूड पडला, तर लाटेवर पंखा हवा ओढतो आणि नुसताच भिरभिरतो. फार लांब झाला, तर उथळ पाण्यात चिखलात रुततो.

खारे पाणी आणि पावसाळा

गोड्या पाण्यासाठी बनविलेली मोटर समुद्रात लवकर गंजते. समुद्रासाठी घेताना तिच्यावर जस्ताचा किंवा अॅल्युमिनियमचा 'अॅनोड' आहे ना, हे पाहावे. हा तुकडा स्वतः झिजून मोटरीचे धातूचे भाग वाचवतो आणि तो वेळोवेळी बदलावा लागतो. वापरानंतर मोटर गोड्या पाण्याने धुणे आणि बॅटरीच्या जोडण्या कोरड्या ठेवणे ही रोजची शिस्त हवी.

आपल्याकडे पावसाळ्यात हौशी नौकानयन थांबते आणि नौका पाण्याबाहेर काढल्या जातात. पेट्रोलच्या इंजिनात या महिन्यांत कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सुकून चिकटते आणि हंगामाच्या पहिल्याच दिवशी दोरी ओढून हात दुखतात. विजेच्या मोटरीला हा त्रास नाही. मात्र लिथियम बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवू नये. निम्म्या भाराच्या आसपास, थंड आणि कोरड्या जागी ती ठेवावी आणि अधूनमधून तपासावी.

परदेशी असलेल्या नातेवाइकाला 'येताना घेऊन ये' असे सांगण्याचा मोह अनेकांना होईल. तो आवरावा. १६० वॅट-तासांहून मोठी सुटी लिथियम बॅटरी प्रवासी विमानाच्या सामानात नेता येत नाही आणि या बॅटऱ्या त्याच्या कितीतरी पट मोठ्या असतात. भारतात सुटे भाग आणि दुरुस्ती करून देणारा विक्रेता असेल, तरच त्या मोटरीचा विचार करावा.

पैशांचा हिशेब

एक किलोवॅटची लिथियम बॅटरीसह मोटर त्याच कामाच्या पेट्रोल इंजिनापेक्षा बरीच महाग पडते. एकदा बॅटरी भरण्यास सुमारे दीड युनिट वीज लागते, हे खरे. पण आठवड्यातून एकदा नौकेवर जाणाऱ्याचे पेट्रोलही थोडेच जळते. इंधनाच्या बचतीतून किंमत वसूल होईल, ही आशा धरू नये. नौकेवर पेट्रोलचा डबा ठेवावा लागत नाही, पाण्यावर तेलाचा तवंग येत नाही, बटण दाबताच मोटर चालू होते आणि बोलणे ऐकू येते, या गोष्टींसाठी ज्याला ते पैसे मोजावेसे वाटतात, त्याने ती घ्यावी. ज्याला दिवसातून अनेक फेऱ्या मारायच्या आहेत किंवा जेथे बॅटरी भरण्याची सोय नाही, त्याने तूर्त पेट्रोलवरच राहणे बरे.

मोटर कोणतीही घेतली, तरी दोन गोष्टींना पर्याय नाही. मोटर बंद करणारी सुरक्षा-दोरी मनगटाला बांधलेली हवी आणि होडीत वल्ह्यांची जोडी हवी. बॅटरीचा आकडा शून्यावर आला आणि ओहोटी सुरू असली, की पॅरिसमध्ये १८८१ मध्ये काय घडले याला महत्त्व उरत नाही. तेव्हा हाताशी वल्ही आहेत की नाहीत, एवढेच पाहिले जाते.