जवळून दिलेले किरण

तळहातावर तंबाखू-चुना मळून गालात बार धरणे आणि सकाळी उठून मिश्री लावणे, यांना आपल्या बीड जिल्ह्यात अजूनही फारसे कोणी व्यसन म्हणत नाही. पण जेथे तो बार रोज बसतो, तेथेच पुढे पांढरा चट्टा उमटतो, कधी न भरणारा व्रण होतो. तोंडाच्या या कर्करोगावर एक उपचार असा आहे की, रोग लहान आहे तोवरच तो उपयोगी पडतो. त्याचाच आज विचार करावयाचा आहे.

किरणोपचार म्हटला की, बाहेरच्या यंत्रातून शरीरावर सोडलेला झोत डोळ्यांपुढे येतो. गाठीपर्यंत पोचताना हा झोत वाटेतील निरोगी भागालाही इजा करतो. मग किरण देणारा पदार्थच गाठीत नेऊन ठेवला तर? १८९८ साली क्यूरी दांपत्याने रेडियम शोधले आणि पुढे थोड्याच वर्षांत वैद्यकाने हा मार्ग धरला. यातील तत्त्व सोपे आहे. शेकोटीपाशी हात भाजतो, चार पावले मागे सरले की नुसती ऊब लागते. किरणांच्या बारीक कणाचेही तसेच. अंतर दुप्पट झाले की जोर चौथाईवर येतो, तिप्पट झाले की नवव्या हिश्श्यावर. म्हणून गाठ जळते आणि पलीकडचा भाग पुष्कळसा वाचतो.

रेडियमच्या सुया हाताळताना डॉक्टर व परिचारिका यांनाही किरण लागत. शिवाय त्याचा जोर निम्मा होण्यास सुमारे १६०० वर्षे लागतात. आज त्याच्या जागी बहुधा इरिडियम-१९२ वापरतात. त्याचा जोर सुमारे ७४ दिवसांत निम्मा होतो. रोग्याला भूल देऊन जिभेतून वा गालातून बारीक पोकळ नळ्या ओवतात. क्ष-किरणांनी चित्रे घेऊन कोठे किती मात्रा द्यावयाची याचा हिशेब करतात. मग तारेच्या टोकावरील इरिडियमचा कण यंत्राने एकेका नळीत जाऊन ठरल्या जागी ठरला वेळ थांबतो व परत येतो. काम काही मिनिटांचे. सामान्यतः दिवसातून दोनदा, असे काही दिवस. शेवटी नळ्या काढल्या की रोग्याच्या अंगात किरण उरत नाहीत.

मात्र हा उपाय सर्वांसाठी नव्हे. गाठ लहान, सामान्यतः चार सेंटीमीटरच्या आतली, आणि जबड्याच्या हाडापासून दूर हवी. कारण किरणांनी हाड मरू शकते. म्हणून आधी दातांची तपासणी करतात. आजही बहुतेकांना शस्त्रक्रियाच सांगितली जाते. मानेतील ग्रंथींचाही विचार वेगळा करावा लागतो. त्या सुरुवातीलाच काढल्यास अधिक रोगी जगतात, असे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले. पण निवडक रोग्यांना या किरणांनी जीभ न कापता बरे करता येते. बोलणे आणि गिळणे शाबूत राहणे, ही काही लहान गोष्ट नव्हे.

आता आपला प्रश्न. दसरा-दिवाळीनंतर आपली माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात ती पाच-सहा महिने. सुरुवातीचा व्रण बहुधा दुखत नाही. उचल घेतलेली, खाडा परवडत नाही. म्हणून ‘पट्टा पडल्यावर दाखवू’ असे ठरते. तेवढ्या अवधीत लहान व्रण हाडापर्यंत जाऊ शकतो, आणि जवळून किरण देण्याची वेळ टळून जाते.

हे बदलता येते. शेजारच्या बार्शीस १९८७ साली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणे समजावून सांगू लागले, तेव्हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रोगी पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागले. यंत्रापूर्वी तेथे शब्दाने काम केले.

आपली ही व्याख्यानमाला वसंतात भरते, आणि याच सुमारास टोळ्या गावी परततात. प्रत्येक घरात उजेडाकडे तोंड करून गाल, जीभ, हिरड्या पाहाव्यात. दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, पांढरा वा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, यांपैकी काही दिसल्यास अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय गाठावे. आणि टोळी फडावर असेल, तर तेथल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात जावे. पट्टा पडण्याची वाट रोग पाहत नाही.